शेरीफ आपला, पण मतपेटी कोणाची?

आमच्या विहारात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनगट बसतो. मागच्या बैठकीला आम्ही एक अमेरिकन खूनकथा घेऊन गेलो, तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने तोंडावर विचारले, "चळवळीची पोरं आता डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचणार का?" प्रश्न रास्त होता. खुनी कोण हे शोधत बसायला आपल्याकडे वेळ नाही. आपल्याकडे खुनी बहुतेक वेळा सगळ्या गावाला माहीत असतो. तरीही ही कादंबरी आपल्या पोरांनी वाचावी असे आमचे मत आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख.

कादंबरीचे नाव 'ऑल द सिनर्स ब्लीड'. लेखक एस. ए. कॉस्बी. प्रकाशन 2023. त्याच वर्षी बराक ओबामांनी उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची जी यादी जाहीर केली, त्यात ती होती. पण आम्ही ती त्यासाठी वाचली नाही. कॉस्बी व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रामीण भागात वाढलेला काळा माणूस. दारूच्या गुत्त्यावर बाऊन्सर, बांधकामावर मजूर, अंत्यविधी करणाऱ्यांच्या हाताखाली मदतनीस, अशी कामे करत करत तो लिहिता झाला. हे कळले आणि आम्ही पुस्तक उघडले.

गोष्ट चॅरन नावाच्या काल्पनिक काऊंटीत घडते. काऊंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधले काहीतरी. टायटस क्राऊन हा तिथला शेरीफ, काऊंटीच्या इतिहासातला पहिला काळा शेरीफ. आधी एफबीआयमध्ये होता, मग गावी परतला, निवडणूक लढवली आणि जिंकला. निवडून येऊन जेमतेम वर्ष होते आणि शाळेत गोळीबार होतो. शाळेचे नाव लक्षात ठेवा : जेफरसन डेव्हिस हायस्कूल. जेफरसन डेव्हिस म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी ज्या राज्यांनी 1861 ते 1865 युद्ध केले, त्यांचा अध्यक्ष. काळी पोरे त्याच्या नावाच्या शाळेत शिकतात. गोळीबार करणारा एक काळा तरुण, आणि मेलेला एक गोरा शिक्षक, सगळ्या गावाचा लाडका. टायटस त्या पोराला शांत करायला बघतो, पण त्याच्याच हाताखालचे डेप्युटी गोळ्या झाडतात आणि पोरगा पायरीवर मरतो. पुढे शिक्षकाचा फोन उघडला जातो तेव्हा कळते की हा लाडका गुरुजी काळ्या मुलामुलींना पळवून, छळून मारणाऱ्यांपैकी एक होता, आणि त्याचा एक साथीदार अजून मोकळा आहे.

इथपर्यंतची गोष्ट पहिल्या काही प्रकरणांतच येते, म्हणून सांगितली. पुढचे सांगत नाही.

आता शेरीफ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. आपल्याकडे मुंबईला शेरीफ असतो, म्हणजे नगरपाल. तो मानाचा पाहुणा; फीत कापतो. अमेरिकेतला शेरीफ तसा नाही. काऊंटीतले पोलीस त्याच्या हाताखाली, बहुतेक ठिकाणी तुरुंगही त्याच्याकडे, कोर्टाचे समन्स बजावणेही त्याच्याकडे. आणि जवळजवळ सगळ्या राज्यांत त्याला लोक मतदान करून निवडतात. वर एसपी नाही, आयजी नाही. कागदावर हे फार लोकशाहीचे वाटते. पण मते कोणाची होती ते विचारा.

दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांना शतकभर मतदानच करू दिले नाही. त्यामुळे गोऱ्यांनी निवडलेला शेरीफ गोऱ्यांचा पहारेकरी झाला. 1955 साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी ठार मारले. त्या काऊंटीचा शेरीफ स्ट्रायडर कोर्टात उभा राहिला तो आरोपींच्या बाजूने. नदीतून काढलेले प्रेत एमेटचेच आहे हे सांगता येत नाही, अशी साक्ष त्याने दिली. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपींना सोडले. 1964 साली त्याच राज्यात नेशोबा काऊंटीत मतनोंदणीच्या कामात असलेल्या तीन तरुणांचा खून झाला. त्यात डेप्युटी शेरीफच दोषी ठरला. आणि कॉस्बीच्या व्हर्जिनियात? 1958 साली कॅरोलाईन काऊंटीच्या शेरीफने रात्री दोनच्या सुमारास एका जोडप्याच्या झोपायच्या खोलीत घुसून अटक केली. गुन्हा काय, तर रिचर्ड लव्हिंग गोरा आणि त्याची बायको मिल्ड्रेड गोरी नव्हती, आणि त्यांनी लग्न केले होते. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रद्द केला. आपल्याकडे आंतरजातीय लग्न केलेल्या पोरापोरींना पोलीस ठाण्यात बोलावून 'समजावून' सांगितले जाते. ती खोली आठवा, म्हणजे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मतदानाच्या हक्काचा कायदा 1965 साली झाला, तो सेल्माच्या पुलावरचे रक्त साऱ्या देशाने पाहिल्यावर. तिथे लाठ्या चालवणाऱ्यांत शेरीफ जिम क्लार्कची माणसे होती. पुढच्याच वर्षी, 1966 ला, नव्या काळ्या मतदारांनी त्या क्लार्कला घरी बसवले. त्याच वर्षी अलाबामाच्या मेकन काऊंटीत ल्युशियस अमर्सन शेरीफ म्हणून निवडून आला. गुलामगिरी संपल्यानंतरचा तो थोडा काळ सोडला, तर दक्षिणेत तोवर काळा शेरीफ झालाच नव्हता. मेकन काऊंटीत बहुसंख्य लोक काळे होते. हा तपशील महत्त्वाचा आहे, मित्रहो, कारण टायटसच्या चॅरनमध्ये तसे नाही. टायटस काळ्यांच्या मतांवर निवडून आला, पण फक्त काळ्यांच्या मतांवर नाही. त्याला गोऱ्यांची मतेही लागली.

म्हणजे टायटस क्राऊन हा संयुक्त मतदारसंघातून आलेला माणूस आहे.

हे वाक्य आमच्या डोक्यात आले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार आपण दरवर्षी आठवतो, त्यावर भाषणे करतो. बाबासाहेबांचे म्हणणे काय होते? जागा आमच्या नावाची, पण मते सगळ्यांची, तर निवडून येईल तो दुसऱ्यांना चालणारा माणूस. आमच्यासाठी भांडणारा आधीच गाळला जाईल. 1937 च्या निवडणुकांचा अनुभव घेऊन त्यांनी 1945 च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हे सगळे मांडले. कांशीराम साहेबांनी 1982 साली, कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 'चमचा युग' लिहिले. हा विचार आपल्याला पाठ आहे. पण त्यात एका माणसाची जागा नाही, जो संयुक्त मतदारसंघातून येतो, चमचा होत नाही, आणि तरी रोज त्या मतदारसंघात जगतो. टायटस तो माणूस आहे. एक आमदार तसा असता तर कादंबरी भाषणबाजी झाली असती. शेरीफ असल्यामुळे त्याला दर तासाला निर्णय घ्यावा लागतो, आणि प्रत्येक निर्णयाला कोणीतरी मरते किंवा दुरावते.

पहिला पेच पोराच्या मृत्यूचा. काळी वस्ती विचारते, तुझ्या राज्यातही आमचे पोर पोलिसांच्या गोळीने मेले, मग तुला निवडून काय मिळाले? गोरे म्हणतात, आमच्या गुरुजींना मारणाऱ्याची बाजू तू घेतोस, त्यांचे नाव बदनाम करतोस. फोनमध्ये पुरावा आहे तरी विश्वास ठेवायची तयारी नाही. कॉस्बीने हे फार बारकाईने रंगवले आहे : गुरुजी लाडका होता म्हणून पुरावा खोटा ठरतो, आणि बेपत्ता पोरे काळी होती म्हणून त्यांना इतकी वर्षे कोणी शोधलेच नाही. ही शेवटची गोष्ट आम्हाला खुनांपेक्षा भयंकर वाटली. वस्तीतली मुलगी हरवली की ठाण्यात पहिले वाक्य काय ऐकू येते, हे आमच्यासोबत तक्रार द्यायला आलेल्या आयाबायांना विचारा.

दुसरा पेच पुतळ्याचा. गावात कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा आहे, आणि त्याच्या अभिमानी मंडळींना मिरवणूक काढायची आहे. पाद्री जमाल ॲडिसन आणि त्याचे लोक म्हणतात, ही मिरवणूक होऊ देऊ नकोस, आम्ही तुला मते दिली ती यासाठी नाही. टायटसला बंदोबस्त द्यावा लागतो. गुलामगिरीचा गौरव करणाऱ्यांच्या बाजूने तो उभा नाही, पण त्यांच्या बाजूला उभा आहे, गणवेश घालून. हे कल्पनेतले नाही. शार्लट्सव्हिलमध्ये 2017 साली रॉबर्ट ली च्या पुतळ्यावरून काय झाले ते जगाने पाहिले. विरोध करायला आलेल्या हेदर हेयर या तरुणीला एकाने गाडीखाली चिरडले. रिचमंडमध्ये 1890 साली उभा केलेला ली 2021 च्या सप्टेंबरात खाली उतरला. आपल्याला पुतळ्याचे राजकारण कोणी शिकवायला नको. 11 जुलै 1997. घाटकोपरचे रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, आणि जाब विचारणाऱ्या आपल्याच लोकांवर राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्या, दहा जण ठार. तिथला पुतळा अपमान करणाऱ्यांचा, इथला अपमानितांचा. बंदुकीचे तोंड मात्र दोन्हीकडे एकाच बाजूला वळते.

एक गोष्ट कबूल करू. जमाल ॲडिसनची पाने वाचताना आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला, आणि तो फार आवडला नाही.

आता घराकडे येऊ. खरी कादंबरी तिथे आहे असे आमचे मत. टायटस बापाबरोबर राहतो. आई तो लहान असताना दुखण्याने गेली. बाप अल्बर्ट त्यानंतर दारूत बुडाला, आणि धाकट्या भावाला, मार्क्विसला, टायटसने सांभाळले. मग टायटस शिकायला, नोकरीला बाहेर पडला, आणि भाऊ मागे राहिला. आता बापाने दारू सोडली आहे, चर्च धरले आहे. रविवारी चर्चला चल म्हणून तो पोराच्या मागे लागतो, आणि आईच्या मरणाबरोबर ज्याचा देव मेला तो पोरगा काही ना काही कारण सांगून टाळतो. मार्क्विस सुतारकाम करतो, फारसा घरी येत नाही. मोठा भाऊ सगळ्या काऊंटीचे रक्षण करतो, पण मला टाकून गेला होता, हे तो बोलून दाखवत नाही आणि विसरतही नाही. टायटसच्या आयुष्यात एक बाई आहे, डार्लीन. ती रात्री वाट बघते, आणि हा उशिरा येतो तेव्हा अंगाने घरात असतो, मनाने त्या मुलांच्या प्रेतांजवळ.

यात नवीन काय, असे कोणी म्हणेल. कर्तव्य की कुटुंब, हे हिंदी सिनेमात किती वेळा पाहिले. पण इथे फरक आहे. सिनेमातल्या इन्स्पेक्टरचे कुटुंब फक्त घर असते. टायटसचे कुटुंब म्हणजे समाजच. त्याचा बाप ज्या चर्चच्या बाकावर बसतो, त्याच बाकावर ज्यांच्या पोरांचा तपास चालू आहे ते बसतात. पोराने दिवसा काय केले त्याचे उत्तर बापाला रविवारी द्यावे लागते. शेरीफला शिव्या समोर कोणी देत नाही, त्या बापाच्या शेजारची जागा रिकामी ठेवून दिल्या जातात.

आणि म्हणून आम्हाला आमच्या गल्लीतला एक पोरगा आठवला. नाव लिहीत नाही, गावही नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला धावायचा, आमच्याच अभ्यासिकेत बसायचा. भरती झाला तेव्हा विहारात पेढे वाटले, आम्ही भाषण केले, प्रशासनात आपली भागीदारी वगैरे. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर 3 जानेवारी 2018 ला महाराष्ट्र बंद झाला, आणि त्यानंतर रात्री वस्तीत पोलीस शिरले. पोरे उचलली. त्या पोलिसांत तो होता. त्याने कोणाला हात लावला नाही असे काही जण सांगतात, गल्ली दाखवायला त्यालाच पुढे ठेवले होते असे काही जण सांगतात. दोन्ही खरे असू शकते. दुसऱ्या दिवशीपासून त्याच्याशी कोणी बोलेना. पण ते सोडा. त्याची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, रविवारी वंदनेला आली, तेव्हा तिच्याजवळ बसलेल्या बायका एकेक करून उठल्या. मावशी शेवटच्या गाथेपर्यंत एकटी बसून होती. नंतर कित्येक महिने आली नाही. आम्ही तिथेच होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, बहिष्कारावर निबंध लिहिलेले आम्ही. उठून तिच्याजवळ जाऊन बसायला चार पावले लागली असती.

तेव्हा आमचे म्हणणे असे. आपल्याकडे दोन घोषणा आलटून पालटून चालतात. भरतीचा निकाल लागला की 'आपला माणूस खुर्चीत बसला'. लाठीचार्ज झाला की 'वर्दी चढली की तो आपला राहत नाही'. दोन्ही घोषणा आळशी आहेत. दोन्हींत माणूस बघितला जातो, तो माणूस कोणाला उत्तर देतो हे बघितले जात नाही.

आपल्या पूर्वजांनी गावाची राखण शतकानुशतके केली. वेस सांभाळायची, चोराचा माग काढायचा, सरकारी खलिता पोचवायचा. हुकूम मात्र पाटलाचा, आणि मोबदला म्हणून वतनाचे तुकडे. बाबासाहेबांनी 1928 साली वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बिनअधिकाराच्या राखणीतून सोडवण्यासाठी. पोलिसात, सैन्यात, प्रशासनात जागा हव्यात ही मागणी त्यांनी लावून धरली, कारण राखण आणि हुकूम एका हाती यावेत. आता आपली पोरे पोलिसात आहेत. हुकूम कोणाचा आहे?

खैरलांजीकडे बघा. 29 सप्टेंबर 2006. तपास आणि प्रशासनाच्या साखळीत आपलेच अधिकारी होते, तरी भोतमांगे कुटुंबाच्या बाबतीत व्हायचे ते झाले, हा मुद्दा आनंद तेलतुंबडे यांनी नंतर मांडला आणि तो आपल्यातल्या अनेकांना झोंबला. बाबासाहेबांनी 1956 साली आग्र्यात शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचे दाखले त्या वेळी बरेच दिले गेले. पण खंत व्यक्त करून पुढे काय? ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 4 काढून वाचा. कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे, पण तो लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तरच. कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे की आपला माणूस आपल्यांशी हयगय करणार नाही. वर बसलेल्यांना या गृहीतकाचा फायदा कसा घ्यायचा ते चांगले कळते. आमच्या कामात दोनदा तरी असे पाहिले की प्रकरण तापले की तपास 'तुमच्याच माणसाकडे' दिला जातो, मोर्चा थंड होतो, आणि पुढे काही बिघडले तर शिव्या खायला तोच पुढे असतो.

इथे अमेरिका आणि आपण वेगळे होतो, आणि ते वेगळेपण लपवण्यात अर्थ नाही. वंश आणि जात एक नाही. पण या दोन लढ्यांची ओळख जुनी आहे : जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, 1972 साली पँथर हे नाव आपण तिकडून घेतले. त्या ओळखीच्या हक्काने सांगतो : टायटस निदान खाली बघून उत्तर देतो. त्याला ज्यांनी बसवले ते चर्चमध्ये, दुकानात, रस्त्यात त्याची कॉलर धरू शकतात, आणि पुढच्या निवडणुकीत काढू शकतात, जसे सेल्माच्या लोकांनी क्लार्कला काढले. आपला पीएसआय वर बघून उत्तर देतो. त्याला वस्तीने बसवलेले नाही आणि वस्ती त्याला काढू शकत नाही. त्याची मतपेटी मंत्रालयात आहे, आणि तिच्यात पडणाऱ्या मताला बदली म्हणतात. म्हणून पोलीस तक्रार प्राधिकरणांना दात यावेत, ॲट्रॉसिटीच्या दक्षता समित्यांच्या बैठका वेळेवर व्हाव्यात आणि त्यांत वस्तीचे लोक बसावेत, या आपल्या मागण्या 'आपला माणूस' नेमा या मागणीच्या वर यायला हव्यात. नेमा, जरूर नेमा. पण त्याला पाठीशी घालायला नाही, पाठबळ द्यायला आणि जाब विचारायला आपण तिथे हवेत.

कादंबरीत खोटी आहेत. मारहाण आणि प्रेतांची वर्णने काही ठिकाणी किळस येईपर्यंत लांबतात. बायका कमी पडल्या आहेत. डार्लीनला वाट बघण्याशिवाय फारसे काम नाही. आणि मुखवट्यामागचा राक्षस शोधण्यात एक सोय असते. राक्षस सापडला की गाव सुटते. कॉस्बी गावाला पूर्ण सोडत नाही, पण खुनाच्या गोष्टीचा साचा त्याला तिकडे ओढतो खरा. वाचनगटात यावर भांडण व्हावे.

पुस्तक अजून मराठीत आलेले नाही, म्हणून आम्ही त्या पोलीस पोराला गोष्ट तोंडीच सांगितली. हल्ली तो बोलतो आमच्याशी, स्टँडजवळच्या टपरीवर, रात्रपाळी सुटल्यावर. मावशीही वर्षावासात पुन्हा येऊ लागली. कोणी माफी मागितली नाही, तिनेही विषय काढला नाही. तो चहा थंड होईपर्यंत ऐकत राहिला. शाळेच्या पायरीवर पोरगा मरतो ते सांगितले, मिरवणुकीचा बंदोबस्त सांगितला, बापाचे चर्च सांगितले. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"दादा, एवढं झाल्यावर त्याची बदली कुठे करतात?"

करत नाहीत म्हणालो. तिथे शेरीफची बदली होतच नाही, त्याला त्याच गावात राहावे लागते. त्याने थोडा वेळ विचार केला, टोपी उचलली आणि म्हणाला, "मग अवघड आहे त्याचं." दोन पावले गेल्यावर मागे वळून म्हणाला, "पुढच्या रविवारी बैठक किती वाजता असते?"